सिकलसेलचे निवेदन : फोटोच्या पुढे काय?

दरवर्षी १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन येतो. विदर्भात त्या आठवड्यात कुठे रॅली निघते, कुठे शिबिर होते आणि एखाद्या संघटनेचे शिष्टमंडळ आमदारांना निवेदन देते. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो येतो. सात-आठ कार्यकर्ते ओळीने उभे, मधोमध साहेब आणि सगळ्यांचा हात एकाच कागदावर. महिनाभराने त्या कागदाचे काय झाले असे विचारले, तर बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही. कागद कोणत्या टेबलावर गेला, त्यावर कोणी काय शेरा मारला, उत्तर आले का, याची नोंद ना संघटनेकडे असते ना साहेबांच्या कार्यालयात.

हा लेख त्या कागदाबद्दल आहे. आरोग्याच्या प्रश्नावर लोकप्रतिनिधीला पत्र लिहायचे तर ते कोणाला लिहावे, त्यात नेमके काय मागावे, सोबत काय जोडावे आणि नंतर पाठपुरावा कसा करावा, हे सिकलसेलच्या उदाहरणावरून पाहू. उदाहरण मुद्दाम हेच घेतले आहे, कारण हा आजार आपल्या घरात आहे आणि तरीही सरकारी योजनेच्या मुख्य चौकटीत आपली वस्ती अनेकदा काठावर राहते.

हा प्रश्न आपला कसा?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. एरवी गोल आणि लवचीक असणारी तांबडी रक्तपेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. पेशी लवकर फुटत असल्याने रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात, जंतुसंसर्ग पटकन होतो. पुढे खुब्याचे हाड खराब होणे, पक्षाघात होणे असे धोकेही असतात. वस्तीत मात्र याला बरीच वर्षे ‘वाताचा त्रास’, ‘हातपाय दुखणे’ किंवा ‘सारखी कावीळ होते’ एवढेच म्हटले जाते. पोरगं शाळेत कमी आणि घरी जास्त असतं आणि मास्तर त्याला आळशी म्हणतात.

यात दोन प्रकार नीट लक्षात ठेवले पाहिजेत. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक आले तर ती व्यक्ती वाहक असते. तिला ‘एएस’ म्हणतात. वाहकाला सहसा त्रास होत नाही. दोघांकडूनही ते जनुक आले तर ती व्यक्ती रुग्ण, म्हणजे ‘एसएस’ असते. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याच्या वेळी धोका कमी होत नाही.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये झाली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ साली, शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या संशोधकांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हापासून झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट सातत्याने पुढे आली आहे. विदर्भात हा आजार गोंड, माडिया, पारधान अशा आदिवासी समाजांत आहे, तसाच पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे.

याचा अर्थ हा ‘जातीचा आजार’ असा मुळीच नाही. ज्या भागांत मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथे वाहक व्यक्तींना मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून थोडे संरक्षण मिळाले आणि ते जनुक टिकून राहिले. जातीने काय केले, तर विवाहाचे कुंपण घातले. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सजातीय विवाह हे जातीचे मूळ लक्षण सांगितले होते. त्या कुंपणामुळे एका गटातले जनुक त्याच गटात फिरत राहिले. तेव्हा रक्तातल्या या गोष्टीची लाज आपण बाळगण्याचे काही कारण नाही.

आता सरकारी योजनेकडे येऊ. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवायचा, असे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ही घोषणा झाली तेव्हा शब्द होते ‘बाधित आदिवासी भाग’. आदिवासींची तपासणी व्हायलाच हवी, त्यात आणखी वाढ व्हायला हवी. पण भर जर आदिवासीबहुल भागावर असेल, तर उत्तर नागपूरची झोपडपट्टी, वर्धा-भंडाऱ्यातली बुद्धविहाराभोवतीची वस्ती किंवा उमरेडकडच्या गावातला बौद्ध मोहल्ला त्या मोजणीत आपोआप येईल असे गृहीत धरता येत नाही. तो यावा यासाठी कोणीतरी मागणी करावी लागते. ती मागणी करताना सूर ‘त्यांच्याऐवजी आम्ही’ असा नको, ‘त्यांच्यासोबत आम्हीही’ असा हवा.

आधी ठरवा : कोणाच्या हातात काय आहे?

निवेदने वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ती चुकीच्या दारात दिली जातात. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीतला विषय आहे. म्हणून बहुतेक प्रश्नांत आमदार हा पहिला दरवाजा ठरतो. पण सगळ्याच प्रश्नांत नाही.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते आणि तिथला प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. आशाताई किंवा आरोग्यसेविका तपासणीला येत नाही, केंद्रात गोळ्या नाहीत, अशा तक्रारीचे पत्र जिल्हा परिषद सदस्याला आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जावे. परिषदेवर प्रशासक असेल तर ते आमदारामार्फत न्यावे.

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असते. जिल्ह्यात त्याचा प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक असतो. इथल्या खाटा, रक्तसाठा, तपासणी यंत्र यांचे पत्र आमदाराला लिहावे.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला आपण नुसते ‘मेडिकल’ म्हणतो, ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असते. विभाग वेगळा, म्हणून सचिवही वेगळे. ‘मेडिकल’ची तक्रार आरोग्य विभागाकडे केली की ती फक्त ‘आवश्यक कार्यवाहीस्तव’ म्हणून फिरत राहते.

शहरातले महापालिकेचे दवाखाने नगरसेवक आणि आयुक्त यांच्या अखत्यारीत येतात.

राष्ट्रीय अभियान कोणत्या वस्तीपर्यंत न्यायचे, हा प्रश्न केंद्राच्या धोरणाचाही आहे. त्यासाठी खासदार. प्रत्येक जिल्ह्यात ‘दिशा’ नावाची समन्वय व संनियंत्रण समिती असते. तिचे अध्यक्षपद खासदाराकडे असते आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आढावा तिथे घेतला जातो. शिवाय लोकसभेत शून्य प्रहर आणि नियम ३७७ खाली मतदारसंघातला विषय मांडता येतो.

पैशाचा प्रश्न असेल तर पालकमंत्री. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तेच असतात. जिल्हा वार्षिक योजनेत सर्वसाधारण योजनेशिवाय आदिवासी आणि अनुसूचित जाती असे दोन वेगळे घटक असतात. बौद्ध वस्तीसाठी काही मागताना हा दुसरा घटक आपल्याला ठाऊक असला पाहिजे.

आणखी एक दार आपण क्वचितच ठोठावतो. विधान परिषदेत पदवीधर मतदारसंघाचे आमदार असतात. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या आणि नाव नोंदवलेल्या प्रत्येक पदवीधराला त्यासाठी मत असते. आपल्या समाजात पदवीधर कमी नाहीत, नोंदणी कमी आहे. नोंदणी केलेल्या शंभर पदवीधरांच्या सह्यांचे पत्र त्या आमदाराला सहज बाजूला ठेवता येत नाही.

आणि पत्र फक्त ‘आपल्या’ आमदाराला लिहायचे नसते. राखीव मतदारसंघाचा असो वा खुल्या, आपल्या पक्षाचा असो वा समोरचा, ज्याच्या मतदारसंघात वस्ती आहे तो आपला प्रतिनिधी. त्याला आपण मत दिले होते का, हे पत्रात सांगायची गरज नाही आणि त्याने विचारण्याचीही नाही.

एका पत्रात एकच मागणी

आपल्या निवेदनांत सहसा अकरा मागण्या असतात. सिकलसेल रुग्णालय व्हावे, संशोधन केंद्र व्हावे, रुग्णांना पेन्शन मिळावी, नोकरी मिळावी, औषधे मिळावीत, दोषींवर कारवाई व्हावी. अकरा मागण्यांचे पत्र मिळाले की कोणत्याही साहेबांना एकच उत्तर पुरते, ‘शासनदरबारी पाठपुरावा करू.’ एका मागणीला मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यावे लागते.

तालुका पातळीवर मागता येतील अशा काही गोष्टी पाहा.

पहिली, तपासणी. प्राथमिक तपासणी सोल्युबिलिटी चाचणीने होते. पण ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. तो एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीनंतर कळतो. म्हणून नुसते ‘शिबिर घ्या’ असे मागू नये. ‘शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांची पक्की तपासणी होऊन प्रत्येकाच्या हातात ३० दिवसांत लेखी अहवाल द्या’ असे मागावे. शिबिर होते, रक्त नेले जाते आणि अहवाल येत नाही, हे चित्र माझ्या कामात मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. अहवालाशिवाय तपासणीचा कुटुंबाला काही उपयोग नाही.

दुसरी, औषधे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास अनेक रुग्णांत वेदनेचे झटके आणि दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी होते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायचे असते आणि गरोदरपणात त्याबाबत विशेष काळजी लागते. हे औषध आणि फॉलिक अॅसिड महिनोन्‌महिने अखंड मिळायला हवे. गोळी संपली म्हणून रोजमजुरी बुडवून ऐंशी किलोमीटर लांबच्या ‘मेडिकल’ला जावे लागत असेल, तर उपचार बंदच पडतात.

तिसरी, वेदनेच्या झटक्यासाठी ग्रामीण रुग्णालयात एक-दोन राखीव खाटा. त्या वेळी सलाईन आणि वेदनाशामक तातडीने लागते. रुग्ण ‘नाटक करतो’ असे म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षणही लागते.

चौथी, दिव्यांग प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात सिकलसेलचा समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व प्रमाणित झाले तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतल्या किमान ५ टक्के राखीव जागांसाठी पात्रता मिळते. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताच्या आजारांचा समावेश नाही. तो बदल संसदेच्या हातात आहे, म्हणून ती मागणी आमदारांच्या पत्रात घालू नये, खासदारांच्या पत्रात घालावी. प्रमाणपत्र रुग्णाला मिळते, वाहकाला नाही, हेही वस्तीत आधीच समजावून सांगा. एसटीच्या प्रवास सवलतींच्या यादीतही सिकलसेल रुग्ण आहेत, आणि अनेक घरांना हे माहीतच नसते.

यांपैकी तुमच्या वस्तीत आज सर्वांत जास्त काय अडले आहे ते निवडा. बाकीच्या मागण्या पुढच्या पत्रात.

एक सावधगिरी. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा निधी मिळतो. त्यातून यंत्र विकत घेऊन देणे त्याला सोपे वाटते, कारण त्यावर नाव लिहिता येते. पण यंत्राला लागणारी रसायने आणि ते चालवणारा तंत्रज्ञ हा दरवर्षीचा खर्च आहे. तो या निधीत बसत नाही. म्हणून यंत्र मागाल तर ‘रसायने आणि तंत्रज्ञ यांची तरतूद कोणत्या शीर्षाखाली होणार’ हे त्याच पत्रात विचारा. नाहीतर यंत्र येईल, उद्‌घाटन होईल आणि वर्षभराने त्यावर प्लास्टिकचे आवरण दिसेल.

पुरावा जमवा, पण नावे देऊ नका

‘अनेक रुग्ण आहेत’ हे वाक्य पत्रात चालत नाही. किती आहेत ते लिहा. आकडे तीन ठिकाणांहून मिळतात. एक, वस्तीतली तुमची स्वतःची नोंद. दोन, आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्याशी बोलणे. तीन, माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात हा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तराची मुदत ३० दिवस. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारण्यासारखे प्रश्न असे : मागच्या आर्थिक वर्षात तालुक्यात किती जणांची सिकलसेल तपासणी झाली, त्यात अनुसूचित जातीचे किती व जमातीचे किती, पक्की तपासणी किती जणांची झाली, आणि अमुक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया महिनावार किती होते.

जातीनिहाय आकडा मागण्यामागे कारण आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे. पण तपासणीच्या फॉर्मवर कोणी नुसते ‘बौद्ध’ लिहिले आणि प्रवर्गाचा रकाना रिकामा राहिला, तर ती व्यक्ती ‘इतर’मध्ये जाऊ शकते. मग कागदोपत्री आपल्यात रुग्णच नाहीत असे दिसेल. शिबिरात बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रवर्गाचा रकाना भरला जातो ना, हे पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. निवेदनाला रुग्णांची नावानिशी यादी कधीही जोडू नका. तो कागद चार कार्यालयांत फिरतो, कोणीतरी त्याचा फोटो काढतो आणि तो व्हॉट्सअॅपवर जातो. मग एखाद्या मुलीचे जुळत आलेले लग्न मोडते आणि दोष तिच्या आईला दिला जातो. पत्रात फक्त संख्या द्या, जसे ‘वस्तीत १८ वर्षांखालील रुग्ण इतके, त्यांपैकी मुली इतक्या.’ एखाद्या रुग्णाने स्वतःहून बोलायचे ठरवले तर त्याची लेखी संमती घ्या, आणि ती व्यक्ती अल्पवयीन असेल तर बोलायला लावू नका.

पत्राचा नमुना

पत्र एका पानाचे असावे. ते मतदाराने लिहिलेले आहे, हे पहिल्याच वाक्यात कळावे. रिकाम्या जागी तुमची माहिती भरा.

प्रति,
मा. आमदार,
______ विधानसभा मतदारसंघ.

विषय : ______ ग्रामीण रुग्णालयात सिकलसेल रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया औषध नियमित उपलब्ध होण्याबाबत.

महोदय / महोदया,

आम्ही खाली सही करणारे ______ येथील रहिवासी व आपल्या मतदारसंघाचे मतदार आहोत. आमच्या वस्तीत अंदाजे ______ कुटुंबे असून त्यांत सिकलसेलचे निदान झालेले ______ रुग्ण आहेत. त्यांपैकी ______ जण १८ वर्षांखालील आहेत.

डॉक्टरांनी या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया नियमित घेण्यास सांगितले आहे. ______ ग्रामीण रुग्णालयात हे औषध ______ ते ______ या काळात उपलब्ध नव्हते. माहितीच्या अधिकारात मिळालेली साठ्याची नोंद सोबत जोडली आहे. या काळात ______ रुग्णांना वेदनेच्या झटक्यामुळे भरती व्हावे लागले.

आमची एकच विनंती आहे. या रुग्णालयात पुढील किमान तीन महिने पुरेल इतका साठा कायम राहील अशी व्यवस्था करण्याबाबत आपण जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवावे आणि त्यांचे उत्तर आम्हाला दिनांक ______ पर्यंत मिळावे.

हा प्रश्न जिल्हा पातळीवर सुटत नसल्यास येत्या अधिवेशनात आपण तो उपस्थित करावा. त्यासाठी लागणारी माहिती आम्ही देऊ.

आपले,
(नाव, पत्ता, सह्या)

प्रत माहितीसाठी : जिल्हा शल्यचिकित्सक; वैद्यकीय अधीक्षक, ग्रामीण रुग्णालय, ______.

या पत्रात शिवीगाळ नाही, इशारा नाही, ‘अन्यथा तीव्र आंदोलन’ हे वाक्यही नाही. आंदोलनाचा हक्क आपला आहेच. पण पहिल्याच पत्रात तो खर्च केला तर दुसऱ्या पत्रासाठी काही उरत नाही. खाली दिलेली ‘प्रत माहितीसाठी’ ही ओळ मात्र गाळू नका. तिच्यामुळे अधिकाऱ्याला ‘आमच्याकडे काही आलेच नाही’ असे म्हणता येत नाही.

पत्र दिल्यानंतरचे नव्वद दिवस

पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नसलेले पत्र म्हणजे न दिलेले पत्र. फोटो काढायचा तर काढा, पण त्याआधी पोच घ्या.

पंधरा दिवसांनी स्वीय सहाय्यकाला फोन करा आणि पत्र कोणाला पाठवले, त्याचा जावक क्रमांक काय, एवढेच विचारा. तो क्रमांक मिळाला की खऱ्या टेबलाचा पत्ता लागतो. महिना उलटला तर स्मरणपत्र द्या आणि त्यात आधीच्या पत्राचा आवक क्रमांक ‘संदर्भ’ म्हणून लिहा. २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्यानुसार सरकारी कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. स्मरणपत्रात या कायद्याचा नम्रपणे उल्लेख केला की हालचाल होते. तरीही शांतताच असेल तर ज्या कार्यालयाकडे पत्र गेले, तिथे ‘या पत्रावर काय कार्यवाही झाली’ असा माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

अधिवेशनाचे वेळापत्रकही समोर ठेवा. हिवाळी अधिवेशन डिसेंबरच्या सुमारास नागपुरात होते, म्हणजे विदर्भाच्या दारात. पण तारांकित प्रश्न बऱ्याच आधी द्यावे लागतात. मोर्चा घेऊन अधिवेशनाच्या आठवड्यात जाण्याऐवजी पत्र दिवाळीआधीच, दोन महिने अगोदर पोचलेले असावे. तारांकित प्रश्न आला की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर छापील कागदपत्रात राहते. लक्षवेधी सूचना तातडीच्या विषयासाठी असते. आमदाराला विषय नीट माहीत नसतो म्हणूनही प्रश्न विचारले जात नाहीत. तेव्हा प्रश्नाचा मसुदा आणि आकड्यांचा एक कागद आपणच तयार करून द्यावा.

या सगळ्यासाठी विहारात एक साधी वही ठेवा. पत्राची तारीख, कोणाला, आवक क्रमांक, पुढची तारीख, जबाबदारी कोणाची. कार्यकर्ते बदलतात, निवडणुका येतात-जातात, वही राहते. काम झाले तर आभाराचे पत्रही द्या आणि तेही वहीत नोंदवा. चांगले काम केलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची दखल कोणी घेत नाही. आपण घेतली तर पुढचे काम सोपे होते.

ठराव आणि तळे

‘पत्राने काय होते?’ असे आपल्यातलेच अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. सार्वजनिक पाणवठे आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तो स्वीकारला. तरी तळ्याचे पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत हजारो लोक चवदार तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पण ठराव होता म्हणूनच ‘आम्ही आमचा कायदेशीर हक्क बजावत आहोत’ असे ठामपणे म्हणता आले. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. रस्त्यावरचे पाऊल आणि सभागृहातला कागद या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी हाताळल्या.

संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. ते आठवून देण्याचे काम मतदाराचे. मित्रांनो, यंदा १९ जूनला निवेदन द्यायचे असेल तर तयारी मार्चमध्येच सुरू करा. आधी वस्तीची मोजणी, मग माहितीचा अर्ज, मग एका मागणीचे पत्र. आणि वस्तीतल्या लग्नाच्या वयाच्या मुला-मुलींना, कोणाचेही नाव न घेता, आपली सिकलसेल तपासणी करून घ्यायला सांगा. दोन वाहकांनी लग्न करूच नये असा हुकूम आपण काढायचा नाही. त्यांना आधी माहिती मिळावी, समुपदेशन मिळावे, गरोदरपणात वेळेवर तपासणीची सोय असावी आणि निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा. तालुक्याच्या दवाखान्यात ही सोय आहे का? नसेल तर तुमच्या दुसऱ्या पत्राचा विषय तोच.